30 वर्षांची वॉरंटी नेमकी कशाची? शिंगल्सच्या छताचे परीक्षण

नाशिकहून गिरणारे-हरसूलकडे जाणाऱ्या रस्त्यावर, गंगापूर धरणाच्या आसपास आणि त्र्यंबक रस्त्याने अंजनेरीपर्यंत अलीकडच्या काळात जी घरे, फार्महाउसे आणि रिसॉर्ट उभी राहिली, त्यांतल्या अनेकांच्या उतरत्या छपरांवर मंगलोरी कौलांच्या जागी डांबरी शिंगल्स, म्हणजे ओळीने एकावर एक चढवून बसवायचे पातळ तुकडे, दिसतात. गिरणाऱ्याजवळच्या आमच्या घरावरही तेच बसवले आहेत. शिंगल्स विकणारा प्रत्येक जण सर्वांत आधी सांगतो ती गोष्ट म्हणजे त्यांची 25, 30 किंवा थेट आजीवन वॉरंटी, आणि सर्वांत कमी समजावून सांगितली जाते तीही हीच. म्हणून या परीक्षणात मालाबद्दल थोडे आणि त्या वॉरंटीबद्दल सविस्तर लिहीत आहे.

माल म्हणून माझे मत चांगले आहे. काचतंतूंच्या जाळीवर दोन्ही बाजूंनी डांबराचा थर आणि वरच्या बाजूला सिरॅमिकचा लेप दिलेले खनिज कण अशी त्याची रचना असते. चौरस मीटरला साधारण 10 ते 12 किलो इतकेच वजन येत असल्याने खालचा लोखंडी सांगाडा कौलांसाठी लागतो तेवढा भारी करावा लागत नाही. जोराच्या पावसात पत्र्यावर होतो तसा आवाज होत नाही. रंग अजून टिकून आहे. उन्हाळ्यात मात्र गडद रंगाचे छप्पर बरेच तापते, त्यामुळे ज्यांना खाली राहायचे आहे त्यांनी छतातून हवा खेळती राहील याची व्यवस्था केल्याखेरीज हा माल घेऊ नये. या मुद्द्याचा वॉरंटीशीही थेट संबंध आहे आणि तो पुढे येईलच.

आता कागदाकडे वळतो. खरेदी ठरवण्याआधी मी विक्रेत्याकडे वॉरंटीचा पूर्ण मजकूर मागितला, तेव्हा मला गुळगुळीत कागदावरचे एक रंगीत माहितीपत्रक देण्यात आले आणि त्यावर मोठ्या अक्षरांत वर्षांचा आकडा होता. माहितीपत्रक म्हणजे वॉरंटी नव्हे. वॉरंटी हा कित्येक पानांचा, बारीक अक्षरांतला, तारखेनिशी आणि आवृत्तीनिशी प्रसिद्ध झालेला स्वतंत्र दस्तऐवज असतो, आणि आपला माल ज्या काळात विकला गेला त्या काळात लागू असलेली आवृत्तीच आपल्याला लागू होते. ती आवृत्ती पीडीएफ स्वरूपात मिळेपर्यंत मी आगाऊ रक्कम दिली नाही, आणि विक्रेत्याला ते फारसे रुचले नसले तरी शेवटी ती मिळाली.

त्या दस्तऐवजाचा गाभा एका वाक्यात सांगता येतो: उत्पादक कंपनी फक्त निर्मितीदोषाची जबाबदारी घेते. कारखान्यातून बाहेर पडताना शिंगलमध्येच काही दोष असेल आणि त्या दोषामुळे छत गळले किंवा शिंगल निकामी झाले, तर कंपनी बांधील राहते. छत गळणार नाही, असे ती कुठेही म्हणत नाही. हा फरक ज्याला कळला त्याला निम्मी वॉरंटी कळली, कारण छत गळण्याची नेहमीची ठिकाणे पाहिली तर ती शिंगलच्या अंगात नसून भिंत आणि छपर जिथे मिळते तो सांधा, दोन पाख्यांमधली पन्हळ, पाइप किंवा धुराडे बाहेर येते ती जागा आणि खिळे अशी असतात. ही सगळी कामे बसवणाऱ्याच्या हातची आहेत आणि कंपनीच्या वॉरंटीच्या बाहेर आहेत.

दुसरी गोष्ट वर्षांच्या आकड्याची. 30 वर्षांची वॉरंटी म्हणजे 30 वर्षे सारखेच संरक्षण नव्हे. सुरुवातीचा एक ठरावीक काळ पूर्ण भरपाईचा असतो. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी त्याला आपापली नावे दिली आहेत, जसे सर्टनटीडचे श्योरस्टार्ट किंवा जीएएफचे स्मार्ट चॉइस. या काळात दोष सिद्ध झाल्यास नवा माल मिळतो आणि मजकुरात तशी तरतूद असेल तर बसवण्याच्या मजुरीचाही वाजवी खर्च मिळतो. हा काळ संपला की भरपाई महिन्यागणिक घटत जाते आणि मजुरी बहुधा पूर्णपणे वगळली जाते.

हे गणित एकदा स्वतः मांडून पाहावे. समजा, वॉरंटी 30 वर्षांची म्हणजे 360 महिन्यांची आहे, शिंगल्सची किंमत 1,20,000 रुपये आहे आणि दोष 12व्या वर्षाअखेर, म्हणजे 144 महिन्यांनी उघड झाला. वापरून झालेला काळ 40 टक्के, म्हणून कंपनीची जबाबदारी 60 टक्क्यांवर येते, म्हणजे 72,000 रुपये. आणि तेही अनेकदा रोख न देता तेवढ्या किमतीच्या मालाच्या रूपात. जुने शिंगल्स उखडणे, मलबा वाहून नेणे, परांची, खालचा खराब झालेला प्लाय, नवे अंडरलेमेंट (शिंगल्सखालचा जलरोधक थर), फ्लॅशिंग (सांध्यांतून पाणी शिरू नये म्हणून बसवलेली पट्टी) आणि कारागिरांची मजुरी हा सगळा भार घरमालकाचा. घरातले फॉल्स सीलिंग, रंग, फर्निचर किंवा विजेचे वायरिंग पाण्याने खराब झाले असेल तर त्याची भरपाई देण्यास प्रत्येक कंपनी स्वतंत्र कलम घालून नकार देते. काही वॉरंट्यांमध्ये घट सरळ महिन्यांच्या प्रमाणात न होता अखेरच्या काळात एका किमान टक्क्यावर येऊन थांबते, म्हणून आपल्या कागदातले कोष्टक पाहणे आवश्यक आहे.

आजीवन वॉरंटीचा अर्थही कलमात स्पष्ट लिहिलेला असतो आणि तो पुष्कळ मर्यादित असतो. ज्या व्यक्तीने स्वतःच्या राहत्या स्वतंत्र घरावर हे शिंगल्स बसवले, ती व्यक्ती त्या घराची मालक असेपर्यंतच हा शब्द लागू राहतो. मालक कंपनी असेल, संस्था असेल, देवस्थान असेल, गृहनिर्माण सोसायटी किंवा रिसॉर्ट असेल, तर तीच वॉरंटी ठरावीक वर्षांवर येते. त्र्यंबक रस्त्यावर ज्यांनी फार्महाउस कुटुंबाच्या कंपनीच्या नावावर घेतले आहे किंवा पर्यटकांना भाड्याने देण्यासाठी बांधले आहे, त्यांनी हे कलम सर्वांत आधी वाचावे. घर विकल्यावर ही वॉरंटी नव्या मालकाकडे जाते का, हेही तिथेच कळते. पुष्कळ कंपन्या ती एकदाच, ठरावीक वर्षांच्या आत आणि लेखी कळवल्यासच हस्तांतरित करतात, आणि हस्तांतरणानंतर तिचा काळ कमी होऊ शकतो.

वाऱ्याच्या बाबतीत आपल्याकडे बरीच गल्लत होते. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आदळून पुढे आपल्या भागाकडे सरकले, तेव्हापासून शिंगल्स घेणारा प्रत्येक जण वाऱ्याबद्दल विचारतो आणि विक्रेता ताशी 110 किंवा 130 मैल असा आकडा सांगतो. ताशी 110 मैल म्हणजे सुमारे 177 किलोमीटर आणि 130 मैल म्हणजे सुमारे 209 किलोमीटर. वाऱ्याच्या भाराचे जे भारतीय मानक आहे, आयएस 875 चा तिसरा भाग, त्यात नाशिकसाठी सेकंदाला 39 मीटर हा मूलभूत वेग दिला आहे. तो ताशी सुमारे 140 किलोमीटर होतो. म्हणजे आकडा पुरेसा आहे. मात्र त्यासोबतच्या अटी महत्त्वाच्या आहेत. मोठा आकडा मिळवण्यासाठी साधारणपणे प्रत्येक शिंगलला चारऐवजी सहा खिळे आणि वळचणीला पहिल्या ओळीखाली कंपनीने सांगितलेली स्टार्टर पट्टी लागते. शिवाय शिंगलच्या पाठीवर किंवा कडेला जी चिकट पट्टी असते ती उन्हाच्या उष्णतेने खालच्या शिंगलला घट्ट चिकटल्यानंतरच वाऱ्याची वॉरंटी खऱ्या अर्थाने सुरू होते. ऐन पावसात किंवा निफाडकडे पडते तशा कडाक्याच्या थंडीत काम केले, किंवा एप्रिल-मेच्या धुळीचा थर पट्टीवर बसू दिला, तर ती नीट चिकटत नाही आणि मग प्रत्येक शिंगलखाली डांबरी सिमेंटचे ठिपके हाताने द्यावे लागतात. आमचे काम फेब्रुवारी-मार्चमध्ये करून घेण्यामागे हेच कारण होते. वाऱ्याची वॉरंटी मुख्य वॉरंटीपेक्षा बरीच कमी वर्षांची असते, हेही लक्षात घ्यावे.

शेवाळाचे कलम इगतपुरी, त्र्यंबक आणि अंजनेरीच्या भागात महत्त्वाचे ठरते, कारण तिथे पावसाळ्यात छपरे महिनोन्‌महिने ओली राहतात. शिंगल्सवर जे काळे ओघळ दिसतात ते निळ्या-हिरव्या शैवालाचे असतात आणि त्याला अटकाव व्हावा म्हणून वरच्या कणांत तांबे असलेले कण मिसळलेले असतात. त्यासाठी वेगळी, बहुधा 10 ते 25 वर्षांची वॉरंटी दिली जाते, पण ती फक्त या शैवालाच्या डागांपुरती असते. गादीसारखे दाट हिरवे शेवाळ, दगडफूल किंवा बुरशी आली तर ती यात बसत नाही, आणि डाग आले तरी कंपनी आधी स्वच्छतेचा मार्ग सुचवते. झाडाखालच्या छपरावर हे सर्व लवकर येते. आमच्या घराच्या मागच्या पाख्यावर आंब्याची फांदी झुकलेली आहे आणि तिच्या खालच्या पट्ट्यात पहिल्याच पावसाळ्यानंतर हिरवी झाक दिसू लागली. ती वॉरंटीत येत नाही, हे वाचून माहीत असल्यामुळे तक्रार करण्यात वेळ न घालवता फांदी छाटून घेतली.

काय वगळले आहे, त्याची यादी लांब असते आणि नाशिककरांनी त्यातल्या काही नोंदींपाशी थांबायला हवे. गारपीट त्यात पहिली. निफाड, चांदवड, सिन्नर, दिंडोरी या तालुक्यांत गारपिटीने द्राक्षबागा झोडपल्या जातात आणि 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट इथल्या शेतकऱ्यांना अजून आठवते. अशा गारांनी शिंगल्सचे कण उडाले किंवा खाली जाळी तडकली, तर ती नैसर्गिक आपत्ती समजली जाते आणि कंपनी काहीच देत नाही. त्यासाठी घराचा विमा हाच मार्ग आहे. दुसरी नोंद प्राण्यांची. अंजनेरीच्या पायथ्याला वानरे कौलांचे जे करतात ते शिंगल्सच्या कडांचेही करू शकतात आणि ते नुकसान वॉरंटीबाहेरच राहते. छपरावर माणसे चालल्याने, पाण्याची टाकी किंवा डिश बसवल्याने झालेले नुकसान, खालच्या सांगाड्याचे खचणे किंवा प्लाय फुगणे, रंगछटेतला फरक आणि काळानुसार रंग फिका पडणे हेही बाहेर. रंगाबद्दल एक सांगतो: दोन वेगवेगळ्या उत्पादन-लॉटमधले बंडल एकाच पाख्यावर लागले तर छटेतला फरक दुरूनही दिसतो, आणि वापरलेल्या मालाबद्दल ही तक्रार कोणीही ऐकून घेत नाही. लॉट क्रमांक बंडलच्या वेष्टनावर छापलेला असतो. माल ट्रकमधून उतरवून घेतानाच तो पाहावा.

याहून कठीण भाग अटींचा आहे. कंपनीच्या सूचनांनुसार शिंगल्स बसवले नसतील तर वॉरंटी लागू राहत नाही, किंवा निदान त्या चुकीमुळे झालेल्या नुकसानापुरती राहत नाही, असे प्रत्येक दस्तऐवजात आहे; आणि त्या सूचना बंडलच्या वेष्टनावरच छापलेल्या असतात, जे वेष्टन कामाच्या पहिल्याच तासाला फाडून फेकले जाते. मी एक वेष्टन जपून ठेवले आणि कारागिरांसोबत बसून ते वाचले. त्यात खिळ्यांची जागा रेघेने दाखवलेली असते. खिळा त्या रेघेच्या वर गेला तर खालचे शिंगल पकडले जात नाही आणि खाली गेला तर उघडा राहून गंजतो. खिळा गॅल्व्हनाइज्ड, रुंद डोक्याचा असावा, प्लायमध्ये किमान 19 मिलिमीटर शिरावा किंवा प्लायच्या आरपार जावा, आणि त्याचे डोके शिंगलच्या पृष्ठभागाशी सपाट बसावे. हवेच्या दाबावर चालणाऱ्या गनचा दाब जास्त ठेवला तर डोके शिंगल कापून आत जाते आणि मग तो खिळा असून नसल्यासारखा होतो. पहिल्या दिवशी शिडीवर चढून पाहिले तेव्हा आमच्या एका ओळीत असे अनेक खिळे आत रुतलेले दिसले. मुकादमाने दाब कमी करून ती ओळ उखडली आणि पुन्हा लावली. दुसरी बाब पाठीमागच्या पारदर्शक प्लास्टिक पट्टीची. बंडलमध्ये शिंगल्स एकमेकांना चिकटू नयेत एवढ्याचसाठी ती असते आणि ती काढण्याची गरज नसते, तरीही कारागीर ती सोलत बसतात आणि त्यात वेळ जातो.

उताराची अटही तितकीच निर्णायक आहे. 12 इंच आडव्या अंतराला किमान 2 इंच चढ असल्याशिवाय शिंगल्स लावू नयेत, आणि 2 ते 4 इंचांच्या दरम्यान उतार असेल तर खाली अंडरलेमेंटचा दुहेरी थर हवा, असे बहुतेक उत्पादक सांगतात. आपल्याकडे दर्शनी शोभेसाठी अनेक पोर्चवर अगदी अल्प उताराचे छप्पर करतात आणि त्यावर शिंगल्स चिकटवतात. अशा छपराला कंपनीची वॉरंटी मिळणे अवघड आहे. तीच गोष्ट आरसीसीच्या उतरत्या स्लॅबची. उत्पादकांच्या सूचना खिळा पकडणाऱ्या लाकडी पायाला धरून लिहिलेल्या असतात. काँक्रीटमध्ये तसा खिळा बसत नाही, म्हणून नुसत्या डांबरी चिकटद्रव्यावर काम केले जाते. आपल्या बाबतीत ही पद्धत मान्य आहे का, याचे कंपनीकडून लेखी उत्तर घेतल्याखेरीज स्लॅबवर काम सुरू करू नये, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. आम्ही लोखंडी सांगाड्यावर आयएस 710 दर्जाचा मरीन प्लाय घेतला. खर्च वाढला, पण पायाच्या दर्जाबद्दल वाद उरला नाही.

हवा खेळती राहण्याबद्दल वर उल्लेख केला तो इथे पूर्ण करतो. छपर आणि खालचे सीलिंग यांमधल्या बंद पोकळीत उष्णता आणि दमटपणा साचला तर शिंगल्स खालूनही भाजतात, त्यांवर फोड येतात, प्लाय फुगतो, आणि हे नुकसान वायुवीजनाच्या अभावामुळे झाले असे नोंदवून दावा नाकारला जातो. साधारण नियम असा की पोकळीच्या दर 150 चौरस फूट क्षेत्राला 1 चौरस फूट खुली जाळी हवी. ती वळचणीला आणि आढ्याला निम्मी निम्मी विभागली तर दर 300 चौरस फुटांना 1 चौरस फूट चालते. नाशिकमध्ये जिप्समचे सीलिंग पक्के बंद करून टाकण्याची जी पद्धत आहे ती या अटीत अजिबात बसत नाही. आमच्या वास्तुविशारदांनी वळचणीच्या फळीत जाळ्या आणि आढ्यावर रिज व्हेंट, म्हणजे गरम हवा बाहेर जाण्याची झाकलेली फट, दिले. त्यांच्या नकाशाची प्रत मी वॉरंटीच्या फाइलमध्ये लावून ठेवली आहे.

वॉरंटी आपल्या देशात लागू आहे का, हा प्रश्न विचारायला अनेकांना संकोच वाटतो, पण बाहेरून आलेल्या मालाच्या बाबतीत तो पहिला प्रश्न असायला हवा. इथे मिळणाऱ्या शिंगल्सपैकी बराचसा माल अमेरिका, कॅनडा आणि युरोपमधून येतो, आणि तिथल्या संकेतस्थळावर दिसणारी वॉरंटी त्या देशातल्या घरांपुरती मर्यादित असू शकते. तिकडे प्रमाणित ठेकेदाराकडून पूर्ण प्रणाली बसवून घेतल्यास कारागिरीचाही समावेश असलेली वाढीव वॉरंटी मिळते. ती इथे मिळेल असे गृहीत धरू नये. मला दिलेल्या दस्तऐवजात भारताचा उल्लेख होता आणि दावा आयातदारामार्फत करायचा होता, म्हणून आयातदाराचे नाव आणि पत्ता मी बिलावर लिहून घेतला.

बिलाबद्दल माझी तक्रार आहे आणि ती इथे नोंदवणे मला आवश्यक वाटते. विक्रेत्याने पहिल्यांदा जे जीएसटी बिल दिले त्यात फक्त ‘रूफिंग मटेरियल’ असे लिहिले होते. ब्रँड, मालिका, रंग, बंडलांची संख्या, लॉट क्रमांक यांपैकी काहीही नव्हते आणि तळाशी विकलेला माल परत घेतला जाणार नाही, असा शिक्का होता. अशा बिलावर पुढे कुठलाही दावा उभा राहत नाही, कारण कंपनी सर्वांत आधी खरेदीचा पुरावाच मागते. बिल बदलून मिळाले, पण त्यासाठी मला जेवढा आग्रह धरावा लागला तेवढा कोणत्याही ग्राहकाला धरावा लागू नये. दुकानाला मी मालाच्या उपलब्धतेसाठी आणि वाहतुकीच्या काळजीसाठी चांगले गुण देईन, कागदपत्रांसाठी देणार नाही.

बसवणाऱ्या ठेकेदाराचे मात्र मनापासून कौतुक करतो. कंपनीची वॉरंटी कारागिरीला लागू नाही हे समजल्यावर आम्ही त्यांच्याशी स्टॅम्प पेपरवर वेगळा करार केला. छत गळल्यास ठरावीक वर्षांपर्यंत मजुरी आणि साहित्यासह स्वखर्चाने दुरुस्ती करणे, पावसाळ्यात कळवल्यापासून 48 तासांत येऊन तात्पुरता बंदोबस्त करणे, आणि एकूण रकमेतला काही भाग पहिला पावसाळा पार पडेपर्यंत आमच्याकडे राखून ठेवणे अशी त्यात कलमे होती. दुसऱ्या पावसाळ्यात जिन्याच्या भिंतीपाशी ओल उतरली. विक्रेत्यामार्फत कंपनीला कळवले तेव्हा प्रतिनिधीने येऊन पाहणी केली आणि शिंगल्स निर्दोष असून भिंतीच्या बाजूचे फ्लॅशिंग गिलाव्यात पुरेसे आत घेतलेले नाही, असा अहवाल दिला. तो अहवाल योग्यच होता. ठेकेदाराने वाद न घालता खाच खोल करून फ्लॅशिंग पुन्हा बसवले, आणि त्यानंतर तिथे ओल आलेली नाही. कंपनीची 30 वर्षांची वॉरंटी या प्रसंगी एका रुपयाच्याही कामी आली नाही. ठेकेदाराच्या दोन पानी कराराने सगळे काम केले.

दाव्याची पद्धतही त्या वेळी जवळून पाहता आली. दोष लक्षात आल्यापासून बहुधा 30 दिवसांच्या आत लेखी कळवावे लागते. त्यासोबत बिल, छायाचित्रे आणि मागितल्यास शिंगलचा नमुना द्यावा लागतो. कंपनीने पाहणी करण्याआधी कायमची दुरुस्ती करून टाकली तर दावा फेटाळला जाऊ शकतो. आषाढातल्या झडीत छत उघडे ठेवून पाहणीची वाट पाहणे कोणालाच शक्य नाही, म्हणून आधी सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत, ताडपत्री टाकून तात्पुरती सोय करावी आणि तसे त्याच दिवशी ईमेलने कळवावे. काढलेले शिंगल्स फेकू नयेत.

कंपनीने अन्यायाने हात वर केले तर कायद्याचा आधार आहे आणि तो भक्कम आहे. 20 जुलै 2020 पासून अमलात येऊ लागलेल्या ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये उत्पादनाच्या दायित्वावर स्वतंत्र प्रकरण आहे. मालाने त्याच्या स्पष्ट वॉरंटीची पूर्तता केली नाही आणि त्यातून हानी झाली तर उत्पादक जबाबदार धरला जातो, आणि ती वॉरंटी देताना आपण निष्काळजीपणा किंवा फसवणूक केली नव्हती हा बचाव त्याला उपयोगी पडत नाही. आयात मालाच्या ग्राहकाला याहून महत्त्वाचे असे कलम 86 आहे: उत्पादक कोण हे कळत नसेल, त्याच्यावर नोटीस बजावता येत नसेल किंवा भारतीय कायदा त्याला लागू होत नसेल, तर विक्रेत्यावर जबाबदारी येऊ शकते, आणि विक्रेत्याने उत्पादकापेक्षा वेगळी स्वतःची हमी दिली असेल तर त्या हमीलाही तो बांधील राहतो. म्हणूनच दुकानदार तोंडी जे काही सांगतो ते बिलावर किंवा निदान संदेशात लिहून घ्यावे. तक्रार आपण राहतो तिथल्या, म्हणजे नाशिकच्या, जिल्हा ग्राहक आयोगात करता येते. दिलेला मोबदला 50 लाखांपर्यंत असेल तर ती तिथेच चालते आणि 5 लाखांपर्यंत शुल्क लागत नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, मग वॉरंटी कितीही वर्षांची असो. दाद फक्त लवादाकडेच मागावी असे कलम वॉरंटीत असले तरी त्यामुळे ग्राहक आयोगाचे दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये एम्मार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग या प्रकरणात स्पष्ट केले आहे. प्राथमिक सल्ल्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे.

एकूण मूल्यमापन असे, की उतार चांगला आहे, खाली प्लायचा पाया आहे आणि हवा खेळती आहे अशा घरासाठी हा माल मी निःसंकोच सुचवेन. पण दोन कंपन्यांपैकी एकीची वॉरंटी 25 वर्षांची आणि दुसरीची आजीवन आहे, एवढ्या कारणाने दुसरीसाठी जास्त पैसे मोजू नयेत. पूर्ण भरपाईचा सुरुवातीचा काळ कोणाचा लांब आहे आणि त्यात मजुरी धरली आहे का, यावर तुलना करावी.

एक विषय अजून मार्गी लागायचा आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत 3 किलोवॉट आणि त्यावरील यंत्रणेला 78,000 रुपयांपर्यंत अनुदान मिळते आणि आम्हालाही दक्षिणेकडच्या पाख्यावर पॅनल बसवायचे आहेत. त्यासाठी शिंगल्समधून भोके पाडून ब्रॅकेट घट्ट करावे लागतात आणि त्या भोकांतून होणारी गळती कंपनीच्या वॉरंटीत येत नाही. आम्ही सौर यंत्रणा पुरवणाऱ्याकडे आणि छताच्या ठेकेदाराकडे एकच मागणी ठेवली आहे: प्रत्येक ब्रॅकेटखाली फ्लॅशिंगची पट्टी घ्यायची, भोके छताच्या ठेकेदारानेच पाडायची आणि त्या जागांची गळतीची जबाबदारी मूळ करारात पुरवणी म्हणून लिहायची. ठेकेदाराने होकार दिला आहे. सौर यंत्रणेच्या पुरवठादाराकडून लेखी उत्तर आल्यावरच छपरावर पहिले भोक पडेल.